वर्गणीतून पाणी आले, मोटरचे बिल कोण भरणार?

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे नाशिक जिल्ह्याचे पश्चिमेकडचे तालुके. पावसाळ्यात इथे धो धो कोसळते आणि एप्रिल-मे महिन्यांत पाड्यांवरच्या बायका हंडे घेऊन दऱ्या उतरतात. उतार तीव्र, खाली बेसॉल्टचा कातळ. पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. अशा पाड्याला मोठ्या धरणाचा उपयोग नसतो. त्याला हवी असते एक विहीर, एक मोटर, थोडी पाइपलाइन आणि एक टाकी. नाशिकच्या सोशल नेटवर्किंग फोरमने नेमकी हीच गरज हेरली. प्रमोद गायकवाड यांनी समाजमाध्यमांतून उभ्या केलेल्या या गटाने देणग्या जमवून अनेक पाड्यांवर पाणी पोहोचवले. पाण्याची जागा जाणकारांनी पाहायची, खर्च देणगीदारांनी उचलायचा, श्रमदान गावाने करायचे, अशी साधारण वाटणी. आज ज्याला क्राउडफंडिंग म्हणतात, त्याचा हा आपल्या दारातला नमुना.

अशा कामांचे कौतुक व्हायलाच हवे. पण पैसे गोळा होणे हा त्यातला सोपा भाग आहे. फोटो हलवून सोडणारा असेल तर बांधकामाचे पैसे उभे राहतात. तिसऱ्या वर्षी मोटर जळाली किंवा वीजबिल थकले, तर त्यासाठी कोणी आवाहन करत नाही आणि केले तरी कोणी पाकीट उघडत नाही. थकलेल्या बिलापायी बंद पडलेल्या नळपाणी योजना महाराष्ट्राला नव्या नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेक सरकारी पैशातूनच झाल्या होत्या. तेव्हा पैसा सरकारचा की लोकांचा, यापेक्षा देखभालीची तजवीज बांधकामाआधी झाली का, हा प्रश्न महत्त्वाचा.

नाशिककरांना हे दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. पांडवलेण्यांतल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक गावाने दिलेल्या दानाचा लेख आहे. म्हणजे कोरीव कामाचा एक हिस्सा अख्ख्या गावाने उचलला. त्याहून बोलका लेख दहाव्या लेण्यातला. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तिथे राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवली: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अट दगडात कोरली. लेणे कोरून तो थांबला नाही; तिथल्या रोजच्या खर्चाची सोयही त्याने लावली. बागलाण-कळवणकडच्या फड या सामूहिक सिंचन पद्धतीत हेच तत्त्व दिसते. बंधारा आणि पाट यांची डागडुजी पाणी घेणारे शेतकरीच करत, पाणी वाटणारा पाटकरीही त्यांनीच नेमलेला असे. म्हणून ती व्यवस्था शतकानुशतके टिकली.

लोकवर्गणीच्या कामांवर पहिला आक्षेप येतो तो असा: पाणी देणे सरकारचे काम, आम्ही कर भरतो, मग वर्गणी कशाला? आक्षेप रास्त आहे. पिण्याचे पाणी, रस्ते आणि मोऱ्या हे विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी मांडलेलेच आहेत. पण २०१९ च्या जलजीवन मिशननेही गावांतर्गत कामाच्या खर्चात लोकांचा १० टक्के, डोंगराळ आणि आदिवासीबहुल गावांत ५ टक्के वाटा धरला, तोही रोख, वस्तू किंवा श्रमाच्या रूपात. हेतू तिजोरी भरण्याचा नव्हता. ज्याने हात लावला तो जपतो, हा होता. रॉटरडॅममध्ये लुख्तसिंगल हा लाकडी पादचारी पूल २५ युरोला एक फळी, फळीवर देणाऱ्याचे नाव, अशा वर्गणीने गाजला. तो पुरा मात्र झाला शहराच्या पैशातून, तेही नागरिकांनी मतदान करून त्याला निवडले म्हणून. वर्गणी सरकारची जागा घेत नाही, त्याला कामाला लावते. ती सरकारला सुटकेची वाट देऊ लागली, तर मात्र हा आक्षेप खरा ठरेल.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ज्या पाड्याचा फोटो प्रसिद्ध होतो त्याला मदत मिळते, पलीकडचा पाडा तसाच राहतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका नदीवरच्या लाकडी बल्लीवरून पाणी आणतात, हे चित्र सर्वत्र पोहोचले आणि २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल आला. तो त्याच पावसाळ्यात पुरात वाहून गेला. हे काम वर्गणीचे नव्हते, सरकारी होते. पण चित्र पाहून धावणाऱ्या मदतीला, ती कोणाचीही असो, नदीच्या पुराचा हिशेब ठेवायला सवड नसते. यावर उपाय एकच: कोणते काम आधी, हे ग्रामसभेने ठरवावे आणि आराखडा अभियंत्याने तपासावा. मग त्यासाठी पैसे मागावेत. उलटा क्रम नको.

जमलेल्या पैशाच्या हिशेबाबद्दलचा संशय मात्र कायद्याने बराच दूर होतो, कायदा पाळला तर. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यास नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे जमवायचे तर सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या ४१-क कलमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते. गणेश मंडळांना हे चांगले माहीत आहे. विदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची देणगी घ्यायची तर संस्थेकडे विदेशी देणगीची वेगळी परवानगी हवी. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या पाड्याच्या नळासाठी मोबाइलवर आवाहन आले, तर पैसे जरूर द्या. पण त्याआधी ग्रामसभेचा ठराव मागा, पाणीपट्टी दरमहा किती ठरली ते विचारा आणि देखभालीच्या खात्यावर सह्या कोणाच्या, हेही विचारून घ्या.