कथील तांब्याला का धरते, पितळ का तडकते?

पाचोऱ्याच्या गल्लीत पूर्वी ‘कल्हईऽऽ’ अशी आरोळी आली की घराघरांतून पातेली, पराती बाहेर निघत. कल्हईवाला जमिनीत खड्डा करी, कोळसे पेटवी, भाता मारी. भांडे तापले की नवसागराची चिमूट टाकायची, कथलाची कांडी टेकवायची, कापसाच्या बोळ्याने एक फेर मारायचा. सारे भांडे चांदीसारखे झळकू लागे. भोवतीची पोरे धुराने खोकत, पण जागची हलत नसत.

नवसागर टाकलाच नसता तर? कथील वितळले असते खरे, पण गोळी होऊन भांड्यात घरंगळले असते. तांब्याला धरले नसते.

धातूच्या पोटातल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठावरच्या अणूची एक बाजू मात्र उघडी. त्याची ओढ शिल्लक उरते, आणि जवळ येईल त्याला तो धरून ठेवतो. मग ती हवा असो, वाफ असो की तेल. असा परक्या रेणूंचा थर पृष्ठावर बसणे म्हणजे अधिशोषण. माठ पाणी पितो ते शोषण, ते आत मुरते. अधिशोषण वरच्यावरच राहते. पुष्कळदा हा थर एका रेणूइतकाच जाड असतो.

तापल्या तांब्यावर प्राणवायू असाच चिकटतो आणि तेवढ्यावर न थांबता त्याचे ऑक्साइड करतो. नवसागर तापला की अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. हे आम्ल तो थर खाऊन टाकते, तांबे उघडे पडते आणि कथील पसरते. केळीच्या मळ्यात फवारणीच्या पाण्यात चिकटद्रव्य घालतात, त्यामागेही पृष्ठाचीच गोष्ट आहे. पान मेणचट, त्यावर नुसते पाणी थेंब होऊन ओघळते. चिकटद्रव्यातल्या साबणासारख्या रेणूंचे एक टोक मेणाला धरते, दुसरे पाण्याला, म्हणून थेंब पसरतो.

आता खरी नवलाची बाब. धातू मोडणे म्हणजे तरी काय? जिथे पृष्ठ नव्हते तिथे दोन नवी पृष्ठे उघडणे. त्याला शक्ती खर्चावी लागते. पण चिरेच्या टोकाशी उघड्या पडणाऱ्या अणूंना लगेच धरणारा पदार्थ हजर असेल, तर हा खर्च कमी होतो आणि धातू थोड्या ताणात मोडतो. सोव्हिएत रसायनशास्त्रज्ञ रेहबिंडर यांनी 1928 साली ही गोष्ट मांडली.

याचे भयंकर उदाहरण म्हणजे गॅलियम. हा धातू सुमारे 30 अंशांना वितळतो. आपल्या खानदेशच्या वैशाखात तो बाटलीतच पाणी होईल. अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा खरवडून त्यावर हा चोळला, तर काही तासांत पत्रा बोटांनी मोडता येतो. पत्रा सगळा विरघळलेला नसतो. गॅलियम त्याच्या कणाकणांच्या सांध्यांत शिरलेले असते. पाराही अ‍ॅल्युमिनियमची अशीच दुर्दशा करतो. म्हणून विमानात पारा नेण्यावर कडक निर्बंध आहेत. गुरुजनहो, प्रयोगशाळेत पारा सांडला तर हे ध्यानात असू द्या. त्याची वाफ विषारी, हे तर आहेच.

आणि पितळ? ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात फौजेची पितळी काडतुसे ऐन पावसाळ्यात आपोआप तडकत. 1921 साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी उलगडा केला. तबेल्यातल्या मुतापासून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहिलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली की पितळ फुटते. येथे अमोनिया तांब्याशी रासायनिक क्रियाही करतो, तेव्हा हा निव्वळ अधिशोषणाचा खेळ नव्हे. पण मारा होतो तो पृष्ठावरच, चिरेच्या टोकाशी. उपाय सोपा निघाला: घडवून झालेले काडतूस बेताने तापवून आतला ताण घालवायचा.

ठोकून घडवलेली, पण अशी तापवून न घेतलेली पितळी घागर गोठ्याच्या दमट कोपऱ्यात चार महिने पडली, तर काठाशी बारीक चीर दिसू लागते. घागर पडलेली नसते, कोणी आदळलेली नसते. तेव्हा पोरांना बोल लावण्याआधी गोठ्याकडे एकदा पाहावे.