पिकअपची बॉडी उचलण्याआधी

यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीनची काढणी आणि परतीचा पाऊस बहुतेक वेळा एकाच आठवड्यात गाठ घेतात. माल शेतात पडलेला, आभाळ भरून आलेले आणि पांदणीत चिखल. अशा वेळी पिकअप शेतापर्यंत पोचली तर ठीक, नाही तर मजुरांच्या डोक्यावरून पोती काढावी लागतात. पुढे दिवाळीनंतर कापसाच्या फेऱ्या सुरू होतात. या जिल्ह्यात उमरखेडपासून वणीपर्यंत पिकअप हे शेतीचेच अवजार आहे. म्हणूनच गाडी थोडी उंच करून घ्यावी हा विचार अनेक मालकांच्या मनात येतो. हल्ली मोबाइलवर परदेशातले व्हिडिओही दिसतात. चार बोल्ट ढिले करायचे, बॉडी आणि चासीच्या मध्ये ठोकळे टाकायचे, बोल्ट आवळायचे, की झाली गाडी उंच. घरच्या अंगणात एका दिवसात होण्यासारखे हे काम वाटते.

काम खरोखर होते. पण त्याने चिखलाचा प्रश्न सुटत नाही. कायद्याचा आणि सुरक्षिततेचा प्रश्न मात्र नव्याने उभा राहतो.

रुतते काय?

बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा यांसारख्या गाड्यांना खाली शिडीच्या आकाराची लोखंडी चासी असते. इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, ॲक्सल हे सगळे चासीला जोडलेले. ड्रायव्हरची केबिन आणि मागचा हौदा हे दोन वेगळे भाग वरून चासीवर बसवलेले. केबिन चासीला टेकते ती रबरी बुशांवर, आणि प्रत्येक बुशातून एक लांब बोल्ट गेलेला असतो. आजच्या बहुतेक मोटारींना अशी वेगळी चासी नसते, त्यामुळे त्यांच्या बाबतीत बॉडी उचलण्याचा प्रश्नच येत नाही.

बॉडी लिफ्ट म्हणजे केबिन आणि हौदा चासीपासून एक ते तीन इंच वर घेणे. चासी होती तिथेच राहते. इंजिनचे चेंबर, डिझेलची टाकी, सायलेंसर यांतले जे जे चासीला लटकलेले आहे, ते सगळे होते त्याच उंचीवर राहते. आणि पिकअप चिखलात बसते तेव्हा सर्वात आधी टेकतो तो मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला लोखंडी गोळा, म्हणजे डिफरन्शियल. बॉडी कितीही वर गेली तरी हा गोळा एक केसभरही वर जात नाही.

त्याची उंची ठरते फक्त चाकावरून. आपल्याकडची जुनी बंडी चिखलातून निघायची, त्याचे एक मोठे कारण तिच्या चाकाचा व्यास. चाक मोठे, म्हणून आस जमिनीपासून उंच. पिकअपलाही हाच हिशेब लागू होतो, पण तिथे वाव फार थोडा. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ बसवला तर तो सुमारे ७३४ मिलिमीटर होतो. व्यासात ३० मिलिमीटर वाढले, म्हणजे ॲक्सल वर गेला १५ मिलिमीटर. दीड सेंटिमीटर! बॉडी लिफ्टचा मूळ उपयोगच हा आहे: मोठे टायर मडगार्डला घासू नयेत म्हणून वर जागा करून देणे. अमेरिकेत ही पद्धत रूढ झाली तीही याच कारणाने.

मोठ्या टायरची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. वरच्या उदाहरणात चाक चार टक्क्यांनी मोठे झाले, त्यामुळे काट्यावर ६० दिसत असताना गाडी साधारण साडेबासष्टने धावते. हा हिशेब मूळ मीटर अचूक होते असे धरून. इंजिनला ओढायला जड जाते आणि ब्रेकवरचा ताण वाढतो.

काळी जमीन आणि वाफसा

आपली काळी जमीन बेसाल्ट खडकापासून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. भिजल्यावर ती टायरच्या खाचांत अशी भरते की चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. मग नवा टायर काय आणि झिजलेला काय, दोन्ही सारखेच घसरतात. इथे उंचीपेक्षा पकड महत्त्वाची.

रिकामी गाडी थोड्या अंतरासाठी चिखलातून काढायची असेल तर टायरमधली हवा थोडी कमी केल्याने टायर जमिनीवर जास्त रुंद टेकतो आणि रुतणे कमी होते. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेवर वेगाने धावलेला टायर तापतो आणि फुटतो. भरलेल्या पिकअपला हा उपाय करू नये. ट्रॅक्टरने ओढायचे तर दोर चासीच्या हुकाला बांधावा, बंपरला नव्हे. आणि शक्य असेल तिथे वाफशाची वाट पाहावी. पेरणीसाठी वाफसा पाहणारा शेतकरी गाडी घालताना तो पाहत नाही, आणि एका फेरीत पांदणीत जी चाकोरी पडते ती पुढच्या पावसापर्यंत सगळ्यांनाच भोवते.

खरे औषध पांदण पक्की होण्यात आहे. २०२१ साली राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना रोजगार हमीशी सांगड घालून आणली. आपल्या गावच्या पांदणीचा प्रस्ताव ग्रामसभेत मांडला गेला आहे का, हे विचारण्यात गेलेला वेळ ठोकळे शोधण्यात गेलेल्या वेळेपेक्षा जास्त कामाचा आहे, असे मला मनापासून वाटते.

जादा पाटा टाकला तर?

हा आपल्याकडचा जुना उपाय. पाट्यांच्या जुडीत एक पाटा वाढवला की चासी वर येते आणि टाकी, सायलेंसर यांच्याखाली थोडी जागा मिळते. पण डिफरन्शियल इथेही जागचा हलत नाही, कारण पाटा ॲक्सलच्या वर काम करतो. शिवाय अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर वजनानुसार कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व्ह असतो. चासी आणि ॲक्सल यांच्यातले अंतर पाहून तो गाडी भरलेली आहे की रिकामी ते ओळखतो. जादा पाट्याने हे अंतर वाढले की माल भरलेला असूनही गाडी रिकामी आहे असे धरून तो मागचा ब्रेक हलका करतो. घाटात उतरताना याचा अर्थ काय होतो, ते वेगळे सांगायला नको. पाटा वाढवला तर हा व्हॉल्व्ह जाणकाराकडून जुळवून घेणे टाळू नये.

जादा पाट्यामुळे मालाची क्षमता वाढते हा समज तर सर्वात घातक. पाटा दबत नाही म्हणून गाडी सरळ दिसते. ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक मात्र पूर्वीचेच असतात.

कायदा कुठे उभा आहे

मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात दिलेला तपशील आणि नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती यांच्यात फरक पडेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात याच अर्थावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यात कलम १८२ अ आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. एमएच-२९ क्रमांकाची गाडी तपासणीला गेली की ठोकळे तिथे दिसणारच. अपघात झाला तर विमा कंपनी दाव्यावर पहिला प्रश्न अशाच बदलाबद्दल विचारते. गाडी भाड्याने चालवून घर चालवणाऱ्यासाठी ही जोखीम फार मोठी आहे. म्हणून सार्वजनिक रस्त्यावर चालणाऱ्या पिकअपची बॉडी उचलू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

घरी करण्यासारखे काम: कुजलेली रबरे बदलणे

ज्यांना हत्यारांची आवड आहे, त्यांच्यासाठी याच जातीचे एक काम आहे. ते कायदेशीर आहे आणि जुन्या गाडीला त्याची गरजही असते. आठ-दहा वर्षांच्या पिकअपमध्ये केबिनखालची रबरे चेपून, चिरून गेलेली असतात. केबिन खडखडते, दार नीट लागत नाही, स्टेअरिंगमध्ये हादरे येतात. मूळ मापाची नवी रबरे टाकली की केबिन पुन्हा आपल्या मूळ उंचीवर बसते. कृती बॉडी लिफ्टचीच, फक्त ठोकळा नाही.

जागा पक्की हवी. काँक्रीटचे सपाट अंगण उत्तम. मातीत, त्यातही काळ्या मातीत, जॅक आणि स्टँड वजनाखाली तिरपे होतात. हौदा रिकामा करावा. हँडब्रेक ओढून चारही चाकांना दगडाची किंवा लाकडाची उटी लावावी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवावी. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर निम्मा त्रास वाचतो. गंजलेल्या बोल्टवर जोर केला की तो तुटतो किंवा आतला वेल्ड केलेला नट फिरू लागतो, आणि मग गॅरेजला पर्याय राहत नाही.

केबिन थोडी जरी वर उचलली जाणार असली तरी तिच्यातून खाली चासीकडे जाणाऱ्या सगळ्या जोडण्या आधी डोळ्यांखालून घालाव्यात. स्टेअरिंगचा दांडा, ब्रेकचे पाइप, क्लचची केबल किंवा पाइप, गिअर रॉड, हँडब्रेकची केबल, अर्थिंगची पट्टी, वायरिंगचे जुडगे. रेडिएटर केबिनच्या बाजूला बसवलेला आणि पंखा इंजिनवर असेल तर उचलताना पंख्याभोवतीचे कडे पात्यांना लागत नाही ना, हे एका माणसाने सतत पाहावे. स्टेअरिंगचा जोड सोडावा लागला तर चाके सरळ ठेवून जोडावर रंगाची खूण करावी, म्हणजे परत तो त्याच जागी बसेल.

आता मुख्य नियम: दोन्ही बाजूंचे बोल्ट एकदम काढायचे नाहीत. एका बाजूचे फक्त ढिले करायचे, दुसऱ्या बाजूचे काढायचे. मग काढलेल्या बाजूला केबिनच्या जाड कडेखाली लाकडी फळी घेऊन जॅक लावायचा. पातळ पत्र्याला जॅक लावला की पत्रा आत जातो आणि दार कायमचे बिघडते. रबर निघेल इतकेच उचलायचे, त्याहून जास्त नाही, आणि लगेच शेजारी मजबूत लाकडी आधार सरकवायचा. केबिन आणि चासीच्या फटीत बोटे घालायची नाहीत. जुने रबर टॉमीने किंवा पक्कडीने ओढावे. केवळ जॅकवर असलेल्या गाडीखाली कुणीही, अगदी क्षणभरही, जाऊ नये. यात घाई करणाऱ्यांचे हात गेले आहेत, जीवही गेले आहेत.

चासीवर रबर बसते ती जागा तारेच्या ब्रशने घासून गंज काढावा आणि प्रायमर मारावा. तिथे चीर दिसली तर काम थांबवून आधी ती जागा कुशल वेल्डरला दाखवावी. नवे बोल्ट मूळ जातीचेच घ्यावेत. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आकडे कोरलेले असतात, ते त्याच्या ताकदीचे. आकडा नसलेला बोल्ट स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. सगळी रबरे बसून सगळे बोल्ट हाताने लागेपर्यंत एकही पूर्ण आवळू नये, नाही तर शेवटच्या बोल्टाची भोके जुळत नाहीत. शेवटी कंपनीने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावे. आठवडाभर गाडी चालल्यावर पुन्हा तपासावे, कारण नवे रबर बसते आणि बोल्ट सैल पडतो.

ठोकळा टाकल्यावर काय बिघडते

वरच्या यादीतली प्रत्येक जोडणी मग दोन-तीन इंचांनी ताणली जाते. ब्रेकचा पाइप ताठ होतो, स्टेअरिंगचा दांडा जोडात कमी शिरतो, गिअर रॉड अडतो. बोल्ट लांब झाल्याने ब्रेक मारताना केबिनचा पुढे ढकलणारा जोर त्याला वाकवू पाहतो. त्यातही वायसरांची चळत, पाइपचे तुकडे किंवा सागाच्या चकत्या ठोकळा म्हणून वापरल्या असतील तर बोल्टवरचा दाब टिकतच नाही.

गाडी पलटण्याचा हिशेबही पाहा. चाकांमधले अंतर १.४ मीटर आणि भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १ मीटरवर असेल, तर कागदावर ती सुमारे ३५ अंश कललेल्या जमिनीवर उलटते. बॉडी उचलून गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर वर गेला तर हा कोन ३४ अंशांवर येतो. फरक लहान वाटतो. पण जाळी लावून कापूस उंच भरला आणि गुरुत्वमध्य १.४ मीटरवर गेला, तर कोन २७ अंशांच्याही खाली उतरतो. वळणावर पाटे एका बाजूला दबतात, त्यामुळे प्रत्यक्षात गाडी याच्या कितीतरी आधी जाते. उंच भरलेल्या गाडीला आणखी उंच करणे म्हणजे उरलीसुरली सवलतही घालवणे.

जुनी पिकअप घेताना

बाजारात अशी उचललेली गाडी समोर आली तर ती ओळखता येते. पुढचा बंपर चासीला असतो, त्यामुळे तो खाली आणि केबिनची जाळी वर, अशी मोठी फट दिसते. केबिन आणि हौदा सारखे उचललेले नसतील तर बाजूने पाहिल्यावर त्यांची रेष जुळत नाही. खाली वाकून पाहिले तर गंजलेल्या चासीवर नवेकोरे बोल्ट चमकतात, आणि मूळ रबराखाली काळा नायलॉन किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा दिसतो. गाडी पसंत असेल तर विकणाऱ्याकडूनच ती मूळ रबरांवर आणि मूळ बोल्टांवर परत बसवून घ्यावी, ब्रेकचे पाइप आणि स्टेअरिंगचा जोड गॅरेजमध्ये तपासून घ्यावा, आणि त्यानंतरच नोंदणी नावावर करण्याच्या कागदांवर सही करावी.