ज्येष्ठांची निवाससंकुले : वैद्याने काय सांगावे?

‘वैद्यराज, आम्ही दोघांनी तिकडे राहायला जावे का?’ हा प्रश्न हल्ली चिकित्सालयात वारंवार विचारला जातो. ‘तिकडे’ म्हणजे वृद्धाश्रमात नव्हे. पुण्याच्या परिसरात, नेरळसारख्या ठिकाणी आणि अन्यत्रही ज्येष्ठांसाठी स्वतंत्र निवाससंकुले उभी राहिली आहेत. आपली सदनिका, सामाईक भोजनगृह, परिचारिका, बोलावल्यास येणारा डॉक्टर, ग्रंथालय, फिरण्यास सपाट वाट अशी तेथील व्यवस्था असते. मुले परदेशी, घर मोठे आणि जिन्याचे, कामाला माणूस मिळत नाही; अशा वेळी हा पर्याय मनात येणे स्वाभाविक आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींच्या वर गेली होती. तेव्हा हा प्रश्न मूठभर सुखवस्तू लोकांचा म्हणून वैद्याने बाजूला सारावा असा राहिलेला नाही.

अशा वसाहतींची आजची कल्पना पाश्चात्त्य आहे. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यात १९६० साली सुरू झालेली ‘सन सिटी’ ही वसाहत तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. परंतु शुश्रूषेसाठी मुद्दाम सज्ज केलेले घर ही गोष्ट आपल्याला अपरिचित नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्याय पुन्हा एकदा काढून पाहावा. घर वाऱ्याच्या झोतापासून सुरक्षित, तरी एका बाजूने हवा खेळती असलेले. आत सहज हिंडता-फिरता येईल असे. धूर, ऊन, पाणी व धूळ न शिरणारे. पिण्याचे पाणी, शौचस्थान, स्नानाची जागा आणि स्वयंपाकघर यांनी युक्त असावे, असे तेथे सांगितले आहे. पुढे सेवकवर्ग येतो. त्यात स्वयंपाक करणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, उठवून बसवणारे, निजवणारे आणि औषधे वाटणारे आहेत. एवढ्यावर आचार्य थांबत नाहीत. गाणारे-वाजवणारे, कथा-पुराणे सांगणारे आणि रुग्णाच्या मनातले ओळखणारे सोबतीही ते मागतात. आजच्या संकुलांच्या माहितीपत्रकातील बहुतेक सोयी या यादीत सापडतात. मनातले ओळखणारा सोबती मात्र माहितीपत्रकात सहसा नसतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे वर्णन वृद्धनिवासाचे नव्हे, वमन-विरेचनाच्या पूर्वतयारीचे आहे. आणि तेही राजा किंवा विपुल द्रव्य असलेल्या मनुष्यासाठी. दरिद्री रुग्णाने एवढा संभार न जमवताही प्रसंगी शोधन घ्यावे, असे त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे. म्हणून ‘आमच्याकडे हे सर्व होतेच’ असा अभिमान मिरवण्यापेक्षा त्या यादीचा उपयोग मोजपट्टीसारखा करावा हे बरे.

वृद्धावस्थेची सुरुवात चरकांनी साठीनंतर, तर सुश्रुतांनी सत्तरीनंतर मानली आहे. या वयात वाताचे प्राबल्य, धातूंचा ऱ्हास आणि अग्नीचे वैषम्य अपेक्षितच असते. सुश्रुतांचा आणखी एक विचार प्रस्तुत विषयाच्या मुळाशी आहे. जरा ही स्वाभाविक खरी, पण तिचेही दोन प्रकार ते करतात. शरीराचे नीट रक्षण करूनही यथाकाल येते ती कालज, आणि रक्षण न केल्याने अकाली येते ती अकालज. संकुलातील वास्तव्याने कालज जरा टळणार नाही. तेथील रक्षणाने अकालज जरेला कितपत आवर बसतो, हे मात्र पाहता येते आणि वैद्याने तेच पाहावे.

एक अनुभव सांगतो. सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त मुख्याध्यापक माझे जुने रुग्ण. पत्नीच्या निधनानंतर वर्षाच्या आत मुलाने त्यांना एका संकुलात आणून ठेवले. चार महिन्यांत त्यांचे वजन सहा किलोंनी उतरले, मलावरोध जडला, झोप गेली. गंधर्वहरीतकी, अश्वगंधा, पादाभ्यंग हे सर्व मी दिले. तीन महिने औषधे बदलत राहिलो. गुण येईना. अखेर एका रविवारी मी स्वतः तेथे गेलो. हे मी पहिल्याच महिन्यात करावयास हवे होते.

खोली स्वच्छ होती, उजेड भरपूर होता, स्नानगृहात धरायला दांड्या होत्या. पण जन्मभर ज्वारीची भाकरी गरम आमटीत कुस्करून खाणाऱ्या या गृहस्थांच्या ताटात रात्री गार झालेली पोळी आणि कोरडी भाजी येत होती. कवळी टोचत असल्याने ते अर्धी पोळी खाऊन उठत. तक्रार करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. दुसरे कारण तर मला कधी सुचलेच नसते. गावच्या घरी शौचालय पलंगाच्या उजवीकडे होते, येथे ते डावीकडे. अंधारात चाचपडण्याची भीती बसल्याने त्यांनी दुपारी चारनंतर पाणी पिणेच सोडले होते. त्या मलावरोधाला हरीतकी काय करणार? पलंगाची दिशा फिरवली, रात्रीचा मंद दिवा लावून घेतला. स्वयंपाकघरातील बाईंना मऊ भात, तूप आणि कढत आमटी देण्याची विनंती केली. त्यांनी आपण होऊन आठवड्यातून तीनदा भाकरी सुरू केली. दोन महिन्यांत कोठा सुधारला, निम्मे वजन भरून आले. झोप मात्र पूर्वीसारखी लागली नाही. पत्नीच्या वियोगावर माझ्यापाशी औषध नव्हते.

या अनुभवानंतर ‘जावे का’ यापेक्षा ‘केव्हा आणि कसे जावे’ याला मी अधिक महत्त्व देतो. ओकसात्म्य झालेली गोष्ट, ती अहितकर असली तरी, पादांशिक क्रमानेच सोडावी असे शास्त्र सांगते. मग पन्नास वर्षांचे घर तर सात्म्याचे माहेरच. ते एका दिवसात कसे सुटावे? पडून हाड मोडल्यानंतर घाईने हलवलेला वृद्ध नव्या जागेत रुजणे फार कठीण. हातपाय चालत असताना, दोघे असताना, प्रथम पंधरा दिवस, मग महिना असे राहून पाहावे. त्यातला एक मुक्काम पावसाळ्यात करावा. वर्षाऋतूतील वातप्रकोप आणि तेथील ओलसर भिंती यांची गाठ कशी पडते, ते हिवाळ्याच्या भेटीत कळत नाही. जुनी खुर्ची, देव, तांब्या-भांडे बरोबर न्यावे. संकुलाच्या नव्या सजावटीत ते शोभणार नाही असे मुलांना वाटते. त्यांची समजूत वैद्याने घालावी.

करारमदाराची बाब वैद्याची नव्हे, हे मान्य. परंतु अंथरुणाला खिळल्यावर येथेच राहता येईल काय, हा प्रश्न वैद्याशिवाय कोणी विचारत नाही. काही ठिकाणी व्यवस्था फक्त स्वावलंबी व्यक्तींपुरतीच असते. काही ठिकाणी साहाय्य आणि पूर्ण शुश्रूषा यांचे वेगळे विभाग असतात. स्मृतिभ्रंश झाल्यास काय, रात्री परिचारिका प्रत्यक्ष हजर असते की केवळ दूरध्वनीवर, जोडीदार गेल्यावर खर्च किती राहील, हे लेखी मागण्यास सांगावे. केंद्र शासनाने २०१९ साली अशा निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि महारेरानेही २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले. त्यांतून चाकाची खुर्ची जाईल असा दरवाजा आणि न घसरणारी फरशी मिळते. परिचारकाच्या चार गुणांत चरकांनी ज्याची गणना केली आहे तो अनुराग कोणत्याही नियमावलीत घालता येत नाही. तो ओळखण्याची माझी रीत साधी आहे. तेथील जुना सेवक किती वर्षे टिकला आहे, ते विचारावे.

आता आपल्याच एका दोषाविषयी. संकुलातील परिचारिकेला आपल्या औषधांचे शिक्षण नसते. आपण नाव नसलेल्या पुड्या बांधून देतो. ती त्या देण्यास कचरते, आणि तिचे चुकत नाही. प्रत्येक पुडीवर औषधाचे नाव, मात्रा, अनुपान आणि वेळ ठळक मराठीत लिहावी. ‘अपानकाली’ असे न लिहिता ‘जेवणापूर्वी’ असे लिहावे. रुग्णाच्या चालू गोळ्यांची यादी तेथील डॉक्टरांकडून मागून घ्यावी आणि आपली यादी त्यांना द्यावी. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असताना किंवा रक्तदाब वाढलेला असताना दीर्घकाळ यष्टीमधु देणे, मधुमेह्याला साखरेचा अवलेह देणे, असे प्रमाद निव्वळ माहितीच्या अभावी घडतात. माझ्या त्या मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात मी बांधलेल्या एकवीस पुड्या तशाच पडून होत्या. त्यांतील नऊ कशाच्या, हे मलाही वासावरून ओळखता आले नाही.