सॅन होझे खवले कीटक

सफरचंद, नासपती, अलुबुखार, सप्ताळू इ. समशीतोष्ण कटिबंधातील फळझाडांस अत्यंत हानिकारक असलेला एक कवचधारी कीटक. हेमिप्टेरा गणातील डायास्पिडिडी कुलात याचा समावेश होतो. या कुलात सु. २,५०० जाती असून महाराष्ट्रात उसाच्या कांड्यांवर आढळणारा खवले कीटकही याच कुलातील आहे. भारतात प्रस्तुत कीटकाचा उपद्रव मुख्यतः काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड येथील सफरचंदाच्या बागांत होतो.

अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ जॉन हेन्री कॉम्स्टॉक यांनी कॅलिफोर्नियातील नमुन्यांवरून १८८१ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले व तिला ॲस्पिडिओटस पर्निसिओसस हे नाव दिले. यातील जातिवाचक शब्दाचा अर्थ ‘विनाशकारी’ असा आहे. पुढे तिची प्रजाती अनेकदा बदलली. सध्या कॉम्स्टॉकॅस्पिस पर्निसिओसा हे नाव रूढ आहे. खवल्याचा रंग व आकार परिस्थितीप्रमाणे थोडाफार बदलत असल्याने केवळ त्यावरून जाती निश्चित करता येत नाही. मादीच्या उदराचे शेवटचे खंड जुळून पायगिडियम हा चपटा भाग बनतो. त्याच्या कडेवरील खंडिका व ग्रंथींची छिद्रे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ओळख पटवितात.

मादीचा खवला वाटोळा, करडा व सु. २ मिमी. व्यासाचा असून मध्यभागी उंचवटा असतो. मेणाचे धागे व टाकलेल्या काती यांपासून तो तयार होतो आणि शरीराला चिकटलेला नसतो. खवला उचलल्यास खाली लिंबासारख्या पिवळ्या रंगाची, डोळे, पाय व पंख नसलेली मादी दिसते. नराचा खवला लांबट असतो. प्रौढ नरास पंखांची एकच जोडी असते. त्यास मुखांगे नसल्याने तो काही खात नाही व एकदोन दिवसच जगतो.

मादी अंडी घालीत नाही, ती सु. सहा आठवडे रोज काही अर्भकांना जन्म देते. तीन पायांच्या जोड्या असलेली ही पिवळी अर्भके काही तास रांगतात व योग्य जागा मिळताच सुईसारखी मुखांगे सालीत खुपसून कायमची स्थिर होतात. लवकरच त्यांवर पांढरे व नंतर काळे मेणाचे आवरण येते. मादी दोनदा कात टाकून प्रौढ होते, तर नर कोशसदृश अवस्थांतून जातो. काळ्या आवरणाखालील अर्भके हिवाळा काढतात. हवामानानुसार वर्षात एक ते पाच पिढ्या होतात.

हे कीटक पेशींतील रस शोषतात. परिणामी फांद्या वाळतात, फळांवर लाल वलये पडून त्यांची किंमत घटते व लहान झाडे मरतात. वारा, पक्षी व माणसांचे कपडे यांमुळे अर्भके जवळच्या झाडांवर जातात. दूरचा प्रसार मात्र कलमांमार्फतच होतो. हा कीटक १८७० च्या सुमारास चीनमधून आणलेल्या झाडांबरोबर कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे आला व त्यावरून त्यास हे नाव मिळाले. रोपवाटिकांतील झाडांबरोबर तो १८९३ पर्यंत अमेरिकेच्या पूर्व भागात पोहोचला. १८९८ मध्ये जर्मनीने अमेरिकन रोपे व ताजी फळे यांच्या आयातीवर निर्बंध घातले. चार्ल्स मार्लट यांनी १९०१-०२ मध्ये जपान व चीनमध्ये शोध घेऊन उत्तर चीन हे त्याचे मूलस्थान असल्याचे दाखविले.

कवचामुळे फवारलेले औषध कीटकापर्यंत सहजी पोहोचत नाही. शिवाय चुना-गंधकाच्या द्रावणाने काही ठिकाणचे कीटक मरेनासे झाल्याचे ए. एल. मेलँडर यांना वॉशिंग्टन राज्यात आढळले. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे हे निरीक्षण कीटकनाशकास कीटकांनी केलेल्या प्रतिकाराची पहिली नोंद मानली जाते. म्हणून औषधाच्या तीव्रतेपेक्षा फवारणीच्या वेळेला अधिक महत्त्व आहे. झाडे सुप्तावस्थेत असताना खनिज तेलाच्या फवाऱ्याने कोवळ्या आवरणाखालील अर्भके गुदमरून मरतात. त्यानंतर रांगणारी, आवरणहीन अर्भके हेच खरे लक्ष्य होय. मादीच्या लैंगिक गंधद्रव्याच्या सापळ्यांत नर केव्हा सापडतात, यावरून ही वेळ आधी ठरविता येते. एन्कार्सिया पर्निसिओसाय व ॲफायटिस या परजीवी गांधील वर्गीय कीटकांमुळे व कायलोकोरस प्रजातीतील भुंगेऱ्यांमुळे त्याची संख्या आटोक्यात राहते. सरसकट फवारणीने हे मित्रकीटक नष्ट होतात. कीडग्रस्त फांद्या छाटून जाळणे व कीडमुक्त कलमेच लावणे हे उपाय सर्वांत स्वस्त व खात्रीचे ठरतात.