शंभर यार्डांच्या आत

सकाळी ६.३०
पिशवीत तीन वस्तू भरते: मोजायचा टेप, चिठ्ठ्या टाकायचा डबा आणि कायद्याची कलमं सोप्या मराठीत लिहिलेली पानं. कवट्या आणि सडलेली फुप्फुसं दाखवणारी चित्रं मी नेत नाही. ती पाहून पोरं दोन मिनिटं गप्प बसतात आणि मधल्या सुट्टीत त्याच टपरीवर उभी राहतात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शाळा-कॉलेजांत मी समुपदेशक म्हणून व्यसनांवर बोलते. आज सकाळी अमरावतीत नववीचा वर्ग आहे, दुपारी अकोल्यात बारावीचा.

७.३०
तास वर्गाबाहेर सुरू होतो. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही, आणि अठरा वर्षांखालच्या कुणालाही ती कुठंच विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर. मुलं फाटकापासून टेप धरतात. टपरी आत येते. आकडा वहीत लिहून घेतात आणि मुख्याध्यापकांकडे देण्यासाठी अर्ज तयार करतात. कायदा आपल्याही बाजूनं उभा असतो, हे त्यांना इथं पहिल्यांदा कळतं.

वर्गात परत आलो की सगळ्यांनी तोंड उघडून आपली तीन बोटं उभी घालून पाहायची. शिक्षकही तेच करतात. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. पुढं त्याच जागी कर्करोग होऊ शकतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये जाहीर केलं. खर्ऱ्यात ही सुपारी तंबाखू आणि चुन्यासोबत घोटलेली असते. ज्याची तीन बोटं जात नाहीत, त्याचं नाव वर्गात घ्यायचं नाही. नंतर बाजूला बोलावून त्याला दातांच्या डॉक्टरकडे पाठवायचं.

९.००
दुसरा तास शरीराचा. पुढचा विचार करणारा आणि स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीच्या आसपास पुरता घडतो. पाते लागायच्या दिवसांत कपाशी जपावी लागते, तशी ही वर्षं जपायची असतात. शेतकऱ्यांच्या पोरांना याहून जास्त सांगावं लागत नाही.

मग एकेक पदार्थ घेते. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन हुंगणं अनेकांना खेळ वाटतं. त्यातल्या रसायनांनी हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, ‘एम्स’च्या राष्ट्रीय पाहणीत मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांत जास्त आढळलेला नशेचा प्रकार हाच होता. गांजा लवकर सुरू केला तर अभ्यासातलं लक्ष आणि स्मरण ढासळतं, काहींना भास होतात, संशयानं घेरलं जातं. एमडीनं, म्हणजे मेफेड्रोननं, झोप आणि भूक उडते, रक्तदाब चढतो, आणि उतरल्यावर येणारी उदासी माणसाला पुन्हा त्याच पुडीकडे नेते. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधल्या असल्या तरी चिठ्ठीशिवाय घेतल्या तर नशाच. दारूसोबत घेतल्या तर श्वास थांबू शकतो.

जे खरं आहे तेवढंच सांगते. एकदा ओढला की संपलास, असं सांगितलं आणि ओढणारा मित्र दुसऱ्या दिवशी धडधाकट दिसला, तर पोरं पुढचं काहीच मानत नाहीत.

११.००
अकोल्याची एसटी. बडनेरा मागं पडतं, मूर्तिजापूर येतं. याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी, गाडगेबाबांचं बालपण गेलं. वडील झिंगराजी दारूपायी गेले, घर उघडं पडलं, म्हणून आई लेकराला घेऊन माहेरी आली. मोठेपणी मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून बाबांनी गोडाचं जेवण वाढलं. पुढं गावोगावच्या कीर्तनांत ते लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तरही लोकांकडूनच काढून घेत. किशोरांशी बोलायला याहून चांगली पद्धत मला सापडलेली नाही. म्हणून माझ्या तासात निम्मा वेळ मुलांच्या प्रश्नांचा असतो.

दुपारी १.००
अकोला. बारावीतली बरीच मुलं अठराच्या उंबरठ्यावर आहेत, म्हणून इथं कायदा आधी. अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्यात वजनाला फार महत्त्व आहे. गांजा एक किलोपर्यंत असला तरी वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वीस किलोच्या वर गेला तर किमान दहा वर्षं, कमाल वीस. एमडीसाठी हीच वरची हद्द पन्नास ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल एवढी. अशा गुन्ह्यात जामीनही सहजी मिळत नाही. नुसतं सेवन हाही गुन्हा आहे.

अठराखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं जातं. पण सोळा पूर्ण झालेल्या मुलावर अतिशय गंभीर गुन्ह्यासाठी मोठ्यांसारखा खटला चालू शकतो. याच बाल न्याय कायद्याची दुसरी बाजू मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते: मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला, आणि मुलाकडून दारू किंवा अमली पदार्थ विकून वा पोचवून घेणाऱ्याला, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. “एवढी पुडी पोचव, मोबाईल रिचार्ज करून देतो” म्हणणारा दादा कोण असतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

२.३०
डबा उघडते. चिठ्ठ्यांवर नावं नसतात.

“भांग चालते तं गांजा कावून नाही?” १९८५ च्या केंद्रीय कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं त्यात धरलेली नाहीत. पण महाराष्ट्रात भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे. आणि कायद्यानं काही धरलं नाही म्हणजे ते मेंदूला चालतं असं नाही.

“दोस्तानं मले बॅग धराले देल्ली अन् पोलीस आले तं?” बॅगेत काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, असं सिद्ध करायची जबाबदारी बऱ्याच अंशी तुझ्यावर येते. बॅग धरू नकोस.

“माहे बाबा रोज खर्रा खातात. त्याइले मी काय म्हनू?” या चिठ्ठीवर वर्ग शांत होतो. मी सांगते, बाबांना उपदेश करू नकोस. तीन बोटांची तपासणी घरी सगळ्यांनी मिळून करा.

४.००
तास संपल्यावर एक मुलगा मित्राला घेऊन येतो. मित्र काही महिन्यांपासून घेतो आहे आणि पकडलं जाण्याच्या भीतीनं दवाखान्यातही जात नाही. त्याला मी अमली पदार्थांच्या कायद्यातलं कलम ६४-अ वाचून दाखवते. व्यसनात सापडलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पुरा करायचा. शिक्षेची कलमं सगळ्यांना तोंडपाठ असतात, हे कलम क्वचितच कुणी सांगतं. तो आईला फोन लावायला तयार होतो. उद्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात दोघांनी मिळून जायचं ठरतं.

५.३०
पालकांची सभा. मुलाच्या खिशात काही सापडलं तर काय करावं, असं एक आई विचारते. त्या क्षणी मारू नका, गावभर करू नका. कधीपासून, कुणाकडून, कशासाठी, हे विचारा आणि उत्तर पुरतं ऐका. खूप झोपणं किंवा मुळीच न झोपणं, पैसे गायब होणं, जुने मित्र अचानक तुटणं, ही लक्षणं एकत्र दिसली तर डॉक्टर गाठा. आणि मुलांना खर्रा, सिगारेट आणायला दुकानावर पाठवू नका.

८.००
अमरावती. उद्याच्या शाळेसाठी कोऱ्या चिठ्ठ्या कापून ठेवते आणि दिवसाची नोंद लिहिते.

वाचकांना विनंती आहे. आपल्या गावातल्या शाळेच्या फाटकापासून ९१ मीटर एकदा स्वतः मोजा, आणि आत टपरी असेल तर शाळा व पोलीस ठाणं दोघांनाही लेखी कळवा. घरात हे नंबर लिहून लावा: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती देण्यासाठी १९३३, संकटातल्या मुलासाठी १०९८. मुलाला शिक्षा सांगाल त्याच दमात ६४-अ सुद्धा सांगा. परत येता येतं हे ज्याला ठाऊक असतं, ते पोरगं वेळेत बोलतं.