मास्ट्रिक्ट: चर्चमधले पुस्तकांचे दुकान

नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट शहराच्या मध्यभागी डॉमिनिकन साधूंनी बांधलेले गॉथिक चर्च 1294 मध्ये प्रार्थनेसाठी खुले झाले. 1794 मध्ये फ्रेंच सैन्याने शहर जिंकले आणि थोड्याच वर्षांत साधूंना मठ सोडावा लागला. पुढची दोन शतके इमारतीने पडेल ते काम केले: कधी कोठार, कधी सभागृह, अगदी सायकली ठेवण्याची जागासुद्धा.

2006 मध्ये तिथे पुस्तकांचे दुकान सुरू झाले. दुकानाला सुमारे 1,200 चौरस मीटर जागा हवी होती, तर चर्चचा तळमजला जेमतेम 750 चौरस मीटरचा होता. मेर्क्स आणि गिरोद या वास्तुकारांनी त्यावर काढलेला तोडगा खरा पाहण्याजोगा आहे. मुख्य दालनाच्या एकाच बाजूला त्यांनी काळ्या पोलादाचे अनेक मजली, जिन्यांसह चढता येणारे भव्य कपाट उभे केले. दुसरी बाजू मोकळी राहिल्याने कमानींची उंची नजरेला पूर्ण दिसते. वारसा-नियमांमुळे हा सांगाडा जुन्या भिंतींवर भार न टाकता स्वतंत्र उभा आहे. उद्या काढायचा झाल्यास मूळ वास्तूला धक्का लागणार नाही. वरच्या मजल्यांवरून छताची जुनी चित्रे जितकी जवळून दिसतात, तितकी ती पूर्वीच्या भाविकांना क्वचितच दिसली असतील. गोदाम आणि स्वच्छतागृहे फरशीखालच्या तळघरात गेली. वेदीच्या जागी कॅफे असून तिथले मोठे टेबल क्रुसाच्या आकाराचे आहे.

2014 मध्ये दुकान ज्या साखळी कंपनीचे होते ती दिवाळखोरीत निघाली, तेव्हा वाचकांच्या वर्गणीच्या आधाराने दुकान स्वतंत्रपणे पुन्हा उभे राहिले.