थापणाऱ्या हातांची कादंबरी

जुडिथ रायन हेंड्रिक्स या अमेरिकन लेखिकेची ‘ब्रेड अलोन’ ही कादंबरी 2001 साली आली. नवऱ्यानं सोडलेली विंटर मॉरिसन लॉस एंजेलिसहून सिएटलला जाते आणि एका बेकरीत पाव भाजायचं काम धरते. कॉलेजात असताना फ्रान्समधल्या बेकरीत ती हे काम शिकलेली असते. तेच आता तिच्या उपयोगी पडतं.

मी भालकीची. आमच्या भागात एकटी पडलेली बाई खानावळीत भाकरी थापायला बसते. बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी, कुठेही मागच्या अंगाला डोकावा, चुलीसमोर ती दिसेल. तिची कला फ्रेंच बेकराच्या कलेहून तसूभरही कमी नाही, असं मला ठामपणे वाटतं.

गव्हाच्या पिठाला ग्लुटेनचा आधार असतो. त्या चिकट जाळ्यात यीस्टचा वायू अडकतो आणि पाव फुगतो. ज्वारीत ग्लुटेनच नाही. म्हणून पिठात कढत पाणी घालायचं, तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं आणि लगेच थापायचं. पीठ जुनं असेल तर विरी गेलेली असते, कडा चिरतात. भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, मग जाळाला लावून फुगवायची. कडक भाकरी तर त्याहून अवघड. ती पातळ हवी, मंद आचेवर पार कोरडी व्हायला हवी आणि करपता कामा नये. तशी जमली तर कितीतरी दिवस टिकते. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पिशवीत शेंगाचटणी आणि ही भाकरी असली की त्याला वाटेत कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

फ्रान्सनं 1993 साली पारंपरिक पावासाठी नियमच केला: तो गोठवायचा नाही, त्यात भलते पदार्थ घालायचे नाहीत. बॅगेट करण्याच्या कौशल्याला 2022 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. आमच्याकडे मात्र ‘भाकरी काय, घरोघरी करतातच’ म्हणत मजुरीला हात आखडतात. याचा मला राग येतो.

आता थोडं बदलतंय. कलबुर्गीत जिल्हा प्रशासनाच्या पाठबळानं बचत गटांच्या बायकांनी ‘कलबुर्गी रोट्टी’ या नावानं भाकरी बाजारात आणली. जून 2025 च्या ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख झाला: रोज तीन हजारांवर भाकऱ्या, बंगळूरला खास काउंटर, ऑनलाइन मागणी. जिच्या हातची भाकरी, तिच्या हाती पैसा, हे मला त्या कौतुकाहून मोठं वाटतं.

विंटरची गोष्ट लिहिली गेली. खानावळीतल्या बाईची मला मराठीत वाचायची आहे. ती घरी मराठी बोलते, मालकाशी कन्नड, बाजारात दखनी, आणि भाकऱ्यांचा हिशेब तिला तिन्ही भाषांत चोख येतो.